एकोणीस नंबरची इर्जिक

उत्तर युरोपातल्या स्टेन्सगार्ड कंपनीनं आपल्या देशातल्या लोकांची वाट पाहण्याचं काम विट्याला हलवलं, त्याला आता सात वर्षं झाली. तिकडे कुणाला बसची, डॉक्टरची, पत्राच्या उत्तराची किंवा माणसाची वाट पाहायची वेळ आली, की तो फोनवर एक बटण दाबतो. त्या क्षणापासून ती वाट विट्यातला कुणीतरी पाहू लागतो. तिकडचा माणूस मोकळा होतो, कॉफी पितो, कुत्र्याला फिरवून आणतो. बस आली की त्याला कळवलं जातं. यात समजायला अवघड असं काही नाही, तरी पुण्याहून येणारे पाहुणे दर वेळी पुन्हा विचारतात.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो: विटाच का? आणि विचारणारा स्वतःच उत्तर देतो, "इथे माणसं स्वस्तात मिळत असतील." माझं डोकं तिथंच फिरतं. कंपनीनं अकरा देशांत चाचणी घेतली होती. उमेदवारांना रिकाम्या खोलीत बसवायचं आणि सांगायचं, "बसा, कुणीतरी येईल." एका देशात माणसं वीस मिनिटांत उठून गेली. दुसऱ्या एका देशात त्यांनी साहेबांचं नाव विचारलं आणि तक्रार केली. विट्यात कंपनीची माणसं कुलूप लावायला आली, तेव्हा पंधराच्या पंधरा जण जागेवर होते. त्यातल्या एकानं परीक्षक बाईंनाच बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "तुमचं बी कुणी आलं न्हाई का?"

आमच्या तालुक्यानं कालव्याच्या पाण्याची वाट पाहिली आहे. ज्या माणसानं जमिनीवर मारलेल्या चुन्याच्या रेघा पाहिल्या, त्याचा नातू मोठा झाल्यावर तिथं पाणी आलं. हे कौशल्य एका रात्रीत येत नाही.

मी स्वतः विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं शिकवलं. शाळेला मान्यता मिळेल, मग आम्ही कायम होऊ, असं दर जूनमध्ये सांगितलं जायचं आणि दर जूनमध्ये मी नवी वही सुरू करायचे. मुलाखतीत हे सांगितलं, तेव्हा समोरच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाल्या, "गुरवबाई, असा अनुभव आमच्या मुख्यालयात एकाकडेही नाही." शाळेत मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी दुपारच्या पाळीची प्रमुख झाले.

केंद्र औद्योगिक वसाहतीत आहे. एका मोठ्या दालनात चारशे बारा निळ्या खुर्च्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. प्रत्येक खुर्चीला दोन दिवे. ज्याची वाट पाहतोय ते आलं की हिरवा दिवा लागतो. ते कधीच येणार नाही असं ठरलं, की लाल लागतो. नियमांची पुस्तिका दोनशे चौदा पानांची आहे. मुख्य नियम तीन. कशाची वाट पाहतोय ते बसणाऱ्याला नीट माहीत हवं. मनात तेच धरून बसायचं. आणि एका केसला एकच माणूस.

तिसरा नियम आमच्याकडून मोडला गेला. मुद्दाम नाही. आम्हाला तो नियम आहे असं वाटलंच नाही.

झालं ते असं. तिसऱ्या वर्षी वैशाखात ऐश्वर्या सपकाळ नावाची नवी मुलगी आमच्या पाळीत आली. तिच्याकडे एका माणसाच्या तपासणीच्या अहवालाची केस होती, आठ तासांची. आणि संध्याकाळी पाच वाजता तिच्या सख्ख्या मावसबहिणीची हळद. ती रडवेली होऊन बसली होती. तिच्या शेजारी महिपती लोखंडे बसायचे. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. एसटीच्या स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी येणार, हे रोज हजार माणसांना सांगून निवृत्त झालेला माणूस.

आण्णांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "आगं, त्यात रडायचं काय? आण हिकडं. इर्जिक घालू."

आमच्याकडे एखाद्याच्या रानातलं काम अडलं, की शेजारपाजारचे आपापली बैलं, औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि दहा दिवसांचं काम एका दिवसात उरकतात. त्याला इर्जिक म्हणतात. कुणी मजुरी घेत नाही. रानाच्या मालकानं सगळ्यांना जेवायला घालायचं आणि दुसऱ्याच्या वेळेला आपण जायचं. मालकानं स्वतः जाऊन बोलवावं लागतं, एवढी एकच अट.

ऐश्वर्यानं सात जणांना बोलावलं. अहवाल कुणाचा, कसला, तो माणूस कोण, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. आठ जण मिळून वाट पाहू लागले आणि बरोबर एका तासानं हिरवा दिवा लागला. तिकडे अहवाल आला होता. प्रयोगशाळेतल्या माणसांना तो कधी तयार झाला ते सांगता आलं नाही, पण तो तयार होता आणि बरोबर होता. ऐश्वर्या हळदीला गेली. दुसऱ्या दिवशी तिनं जिलेबी आणली.

तेव्हापासून सवयच पडली. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाला बँकेत जायचं असलं, की इर्जिक. तिकडे गाड्या वेळेआधी येऊ लागल्या. बेकरीतलं पीठ मळून होतंय तोवर फुगू लागलं. एका गावात पूल चार महिने आधीच पूर्ण झाला आणि उद्घाटनाला कुणी मोकळं सापडेना. फक्त पोटातल्या लेकराची केस आण्णांनी कधी वाटू दिली नाही. "ते त्याच्या टायमानं येऊ दे," एवढंच म्हणाले. तो आमच्या पुस्तिकेतला पहिला नियम, जो आम्ही स्वतः घातला.

वर्षभरात मुख्यालयाच्या लक्षात आलं, की विट्याचे आकडे मनिला, पोलंड अशा बाकीच्या कुठल्याच केंद्राशी जुळत नाहीत. चौकशीला टोर्स्टेन होल्म नावाचे गुणवत्ताप्रमुख आले. उंच, शांत माणूस. पापड आवाज न करता खायचे. त्यांनी आण्णांना समोर बसवलं. मी मराठी-इंग्रजी करत होते.

"तुम्ही एका केसला आठ माणसं बसवता?"

"व्हय."

"कुणाच्या परवानगीनं?"

"ज्याची केस हाय त्याच्या."

"हे पुस्तिकेत कुठे आहे?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "पुस्तकात आसल्या गोष्टी नस्त्यात. शेजारी कसं ऱ्हायाचं, ते बी न्हाई तुमच्या पुस्तकात."

होल्मसाहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तीन दिवस दालनात उभे राहून पाहत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मुख्यालयाला बावन्न पानी अहवाल पाठवला. त्याचा शेवट मला पाठ आहे: आपण विट्याला काम करायला दिलं होतं, विट्यानं ते काम काय आहे हे आपल्याला शिकवलं.

पुढच्या सहा महिन्यांत कंपनीच्या सगळ्या केंद्रांत इर्जिक लागू झाली. पुस्तिकेतही तोच शब्द आहे, आमच्याच उच्चारानं. तिकडून साहेबलोक शिकायला येऊ लागले. पहिल्या तुकडीतल्या एकानं मला विचारलं, "समोरच्याची वाट आपण का पाहायची, हे माणसांना पटवता कसं?" मी शाळामास्तरीण, मला सोपं करून सांगता येतं. तरी हा प्रश्न मला सोपा करता आला नाही. मी त्याला पंधरा दिवस ऐश्वर्याच्या घरी जेवायला पाठवलं. त्याला पुढे बढती मिळाली.

हे सगळं मी अभिमानानं सांगतेय आणि लपवत नाही. पण याच इर्जिकीनं एकोणीस नंबरची केस अडचणीत आणली.

एकोणीस नंबर आण्णांकडे होती, केंद्र उघडलं त्या दिवसापासून. सिग्ने ओस्टबी नावाच्या बाई, वय एक्याऐंशी. बाई पन्नास वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ आर्ने त्यांना "संध्याकाळी चहाला येतो" असं सांगून मासेमारीच्या बोटीवर गेला. बोट आली नाही, बोटीचं फळकूटही आलं नाही. बाईंनी बटण दाबलं. पहिली चोवीस वर्षं मुख्यालयातल्या माणसांनी वाट पाहिली, मग केस विट्याला आली. ती चोवीस तास चालणारी होती, म्हणून आण्णांना मुक्कामी परवाना दिला होता. ते ती घरी न्यायचे, जेवताना आणि झोपेतही मनात धरायचे आणि सकाळी परत आणायचे.

आणि सिग्नेबाई? त्या सुखात होत्या. वाट पाहणं त्यांच्याकडे नव्हतंच. पन्नाशीनंतर त्या अकॉर्डियन शिकल्या, सफरचंदाची झाडं लावली, दोन वेळा निवडणुकीला उभ्या राहून एकदा निवडून आल्या. दरवर्षी कंपनीचा माणूस त्यांना भेटून लिहायचा: ग्राहक समाधानी. आण्णा तो कागद घडी करून खिशात ठेवायचे.

आम्ही अनेकदा म्हटलं, "आण्णा, एकोणीसची इर्जिक घालूया की."

"नगं."

"का पण?"

"नगं म्हटलं न्हवं."

गेल्या माघात मुख्यालयाचा आदेश आला. इर्जिकीमुळे सगळ्या केसेस दिवसात संपतात, तेव्हा तीस वर्षांहून जुनी केस चालू ठेवण्याचं कारण उरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता एकोणीस नंबर बंद करून ग्राहकाला परत द्यावी. आदेश घेऊन होल्मसाहेब स्वतः आले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं, पण ते नियमाचे माणूस.

केस परत देणं म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. परत दिलेली वाट ग्राहकाच्या अंगावर एकदम येते, जितकी साठली असेल तितकी. दोन वर्षांपूर्वी एका माणसाला पत्राच्या उत्तराची केस परत दिली होती, नऊ वर्षांची. मंगळवारी दुपारी ती त्याला पोचली. त्याचे केस पांढरे झाले आणि तो फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसला. अजून तिथंच आहे. ही एकतीस वर्षांची होती आणि बाई एक्याऐंशीच्या.

मंगळवारी होल्मसाहेबांनी आदेश वाचून दाखवला, तेव्हा आण्णा खुर्चीतच होते. ते उठले नाहीत. म्हणाले, "साहेब, ती म्हातारी मरंल."

"शक्यता आहे," होल्मसाहेब म्हणाले.

"मग?"

"शुक्रवारी सहापर्यंत कुठला तरी दिवा लागला, तर केस परत द्यावी लागणार नाही. हिरवा किंवा लाल. दोन्ही चालतील."

होल्मसाहेबांनी सांख्यिकी विभागाचा कागद काढला. अशा प्रकारच्या आधीच्या केसेस पाहता एकोणीस नंबर संपायला अजून छत्तीस वर्षं लागणार होती. त्यांनी तिथंच गणित केलं. शुक्रवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आठ तास. आठ तासांत छत्तीस वर्षं पाहायची, तर एकोणचाळीस हजार चारशे सत्तेचाळीस माणसं लागतील.

"आपण चारशे बारा आहोत," ते म्हणाले आणि कागद घडी केला.

त्या संध्याकाळी मी आण्णांना स्टँडवरच्या कँटीनमध्ये गाठलं. मी चिडले होते. म्हटलं, "आण्णा, तुम्ही सगळ्यांच्या इर्जिका घातल्यात. स्वतःची वेळ आली की नगं म्हणता. हा कसला मानीपणा?"

आण्णांनी कपातला चहा बशीत ओतला.

"बाई, मी दुसऱ्याच्या इर्जिकीला लई गेलोय," ते म्हणाले. "ल्हानपनापास्नं. पर आमचं रान कधीच नव्हतं. मालक हुन मी कुणाच्या दारात बोलवायला गेलो न्हाई. ह्यी केस मिळाली, तवा पहिल्यांदा वाटलं, कायतरी आपल्या नावावर आलं. ते वाटून टाकायचं जिवावर आलं, हे एक."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हंजे लाल दिवा लागला तर? आज न्हाई आला, उद्या यील, आसं सात वर्षं मी तिच्या वतीनं म्हणतोय. लाल लागला म्हंजे ते माझ्या हातनं झालं."

मला त्यांचा राग आला होता, तो निघून गेला. मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही नाही बोलावलंत तर ते होल्मसाहेबांच्या हातनं होईल. तेही शुक्रवारी. आणि रानाचं म्हणाल, तर आता आहे ना तुमच्याकडे. एकोणीस नंबर."

त्यांनी चहा पिऊन टाकला, टोपी घातली आणि उठले. "चला," म्हणाले. "पैल्यांदा कुणाकडं जायाचं?"

बुधवारी सकाळपासून आण्णा दारोदार गेले. माझ्याकडे शिकवण्याचं काम होतं, कारण वाट कुणाची पाहायची ते प्रत्येकाला ठाऊक असल्याशिवाय माणूस मोजला जात नाही. मी चार ओळी लिहिल्या: आर्ने ओस्टबी, वय तेव्हा चव्वेचाळीस. डाव्या हाताची करंगळी नाही. जिना चढताना शीळ घालतो. बहिणीकडे चहाला येणार आहे. दोन रिक्षांना भोंगे लावले आणि त्या ओळी गावभर फिरवल्या. दुपारपर्यंत विट्यात कुणालाही विचारा, करंगळी कुठल्या हाताची, तो सांगायचा.

यंत्रमागाच्या एका कारखान्यात आण्णा गेले, तेव्हा मी बरोबर होते. मालक धनाजी शितोळे खडखडाटातून ओरडून म्हणाले, "आण्णा, तुमी आलासा, आमी हाय. पर ह्यो आर्ने आपला कोण?"

आण्णा करंगळीचं सांगू लागले. तेवढ्यात मागावर काम करणारी एक बाई हात न थांबवता म्हणाली, "कोण म्हंजे? भाऊ हाय कुणाचा तरी. माझा बी गलाईला गेलाय, तिकडं लांब आसामात. चार वर्षं झाली, फोन न्हाई. त्याची वाट बघतच हाय, ह्याची बी बघीन."

आमच्या तालुक्यातला घरटी एक तरी माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, गलाईला, देशभर पांगलेला आहे. गेलेल्या भावाची वाट कशी पाहतात, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. मी उगाच चार ओळी लिहिल्या असं मला वाटून गेलं. शितोळे मान हलवत म्हणाले, "लिवा. आमची अडुसष्ट."

होल्मसाहेबांनी हरकती घेतल्या आणि त्या घेणं त्यांचं कामच होतं. अठरा वर्षांखालची मुलं चालणार नाहीत, म्हणाले. त्यामुळे विट्यातली माणसं कमी पडली. आण्णा गुरुवारी भाळवणी, लेंगरे, आळसंद, नागेवाडी असे फिरले. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये, अशी दुसरी हरकत. शाळांमधून स्टॅम्प पॅड गोळा केले आणि बसणाऱ्याचा अंगठा जांभळा करायचा ठरलं. तिसरी हरकत अशी, की मागावर, चुलीपुढे, दुकानात हातानं काम चालू असताना पाहिलेली वाट धरायची का?

"साहेब," आण्णा म्हणाले, "आमच्या बायकांनी आजवर जेवढी वाट बघितली, ती सगळी कामं करतच बघितली. ती धरायची नसंल तर मग कायच धरू नगा."

होल्मसाहेबांनी दोनशे चौदा पानं रात्री पुन्हा वाचली. सकाळी म्हणाले, "विरुद्ध काही सापडलं नाही. धरू."

शुक्रवारी पहाटेपासून ट्रॅक्टर, टेम्पो, वडापच्या जीपगाड्या येऊ लागल्या. औद्योगिक वसाहतीचा रस्ता, बाजारपेठ, शाळांची मैदानं, स्टँड, सगळीकडे माणसं दाराकडे तोंड करून बसली. दार नव्हतं तिथं उत्तरेकडे तोंड करून बसली. कोंबड्यांच्या शेडमध्ये माणसं बसली. न्हाव्याकडे गिऱ्हाईक आणि न्हावी दोघंही बसले. दहा वाजता भोंगा झाला आणि आण्णा आपल्या निळ्या खुर्चीत बसले.

मी पुष्कळ वर्षं वर्गातली शांतता ऐकली आहे, परीक्षेचीही. ही तशी नव्हती. माग चालू होते, फोडण्या बसत होत्या, एसटीचा कंडक्टर घंटी मारत होता, पण सगळ्यांच्या मनात एकच माणूस जिना चढत होता. मला रडू आलं. मी पाळीप्रमुख असल्यामुळे तोंड फिरवून उभी राहिले.

दुपारी दोन वाजता मोजणी आली: अडतीस हजार नऊशे साठ. पाचशेच्या आसपास माणसं कमी होती. होल्मसाहेबांनी नवं गणित केलं. एवढ्या माणसांनी सहाच्या आत होणार नव्हतं, पाच-सहा मिनिटं उशीर होणार होता. सहा म्हणजे सहा, असं आदेशात होतं. आता माणसं आणायची, तर उशिरा आलेले थोडाच वेळ बसणार, म्हणजे हजाराहून जास्त हवेत. आजूबाजूच्या गावांत कुणी उरलं नव्हतं.

आण्णांच्या कपाळावर घाम आला होता. मनातली जागा सोडता येत नव्हती, म्हणून ते पुढेच पाहत म्हणाले, "बाई, किती कमी हायती?"

मी खोटं बोलले नाही. सांगितलं.

तेव्हा होल्मसाहेब आपल्या फोनवर बोलू लागले, त्यांच्या भाषेत, बराच वेळ. मग फोन चालूच ठेवून मला म्हणाले, "मुख्यालयात नऊ मजले आहेत. मनिलाचं केंद्र आहे, पोलंडचं आहे, बाकीची आहेत. सगळ्यांनी इर्जिक तुमच्याकडूनच शिकली आहे. पण मालकानं बोलवावं लागतं, असं पुस्तिकेत आहे."

मी फोन आण्णांच्या तोंडाशी धरला. आण्णा खाकरले. तीस वर्षं स्टँडच्या माइकवर बोलले होते, पण अशी हाक कधी दिली नव्हती. मग म्हणाले, "मी महिपती लोखंडे बोलतोय, विट्यास्नं. माझं काम अडलंय. या."

मी त्याचं इंग्रजी केलं आणि आर्नेच्या चार ओळीही सांगितल्या. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत केलं असावं.

तिकडे किती जण बसले ते आम्हाला अजून नक्की माहीत नाही. होल्मसाहेबांनी कोट काढला, खुर्ची दाराकडे वळवली, स्टॅम्प पॅडवर अंगठा टेकवला आणि तेही बसले. चार वाजून गेले. पाच वाजले. सव्वापाच. दालनात कुणी खोकलं नाही.

पाच वाजून बत्तीस मिनिटांनी एकोणीस नंबरच्या खुर्चीचा दिवा लागला. आण्णांनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, "आण्णा, बघा."

"तुमी सांगा."

"हिरवा आहे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मांडीवरचे हात तेवढे सुटे केले.

पाच मिनिटांनी होल्मसाहेबांचा फोन वाजला. सिग्नेबाई होत्या. होल्मसाहेब ऐकत होते आणि मला सांगत होते, मी मराठीत सांगत होते. आर्ने आला होता. शीळ ऐकू आली म्हणून त्यांनी दार उघडलं. तो चव्वेचाळीस वर्षांचाच होता आणि पाय पुसत होता. चहा मागितलाय. आता आत बसलाय आणि ताई अशी म्हातारी का दिसते म्हणून सारखा पाहतोय. बाईंनी त्याला सांगितलं, की मी काही तुझी वाट पाहत बसले नव्हते, मजेत होते. तेव्हा तो म्हणाला, मग पाहिली कुणी? तेच विचारायला त्यांनी फोन केला होता.

हा प्रश्न सात वर्षांत कुठल्याच ग्राहकानं विचारला नव्हता. पण त्यासाठी अर्ज होता. होल्मसाहेबांनी तो शोधून काढला आणि जांभळ्या अंगठ्यानं पेन धरून आण्णांच्या समोर बसले.

"वाट पाहणाऱ्याचं नाव," ते म्हणाले. "रकाना एकाच नावाचा आहे. सात वर्षं तुमचीच केस होती, तेव्हा तुमचं लिहितो."

"माझं नगं," आण्णा म्हणाले.

"मग कुणाचं?"

आण्णांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर माणसं उठत होती, लुगडी झटकत होती, ट्रॅक्टर सुरू करत होती. कुणीतरी विचारत होतं की आला का, आणि दुसरं कुणीतरी सांगत होतं की आला, चहा पितोय.

"लिवा," आण्णा म्हणाले. "विटा."

होल्मसाहेबांनी लिहिलं. मग पुढचा रकाना पाहून विचारलं, "आडनाव?"

"तालुका खानापूर, जिल्हा सांगली."

होल्मसाहेबांनी मला स्पेलिंग विचारलं. मी सावकाश, एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी ते सगळं रकान्यात बसवलं.